तायडे सर आणि खुडूक कोंबडी

प्रोफेसर दौलत तायडे पहिल्या भेटीत नमस्कार करत नसत. ते तुमचा उजवा हात आपल्या हातात घेत, बोटं फाकवत आणि चष्मा नाकावर ओढून दोन बोटांच्या मधल्या फटीत बघत. तळहातावरच्या रेषांशी त्यांना काही देणंघेणं नसे. फक्त फटी. अंगठ्याकडून सुरुवात करून करंगळीपर्यंत सगळ्या तपासून झाल्या, की हात सोडून ते समाधानाने म्हणत, "वा! साफ मेल्या."

मेल्या त्या पेशी. आईच्या पोटात असताना म्हणे आपला सगळ्यांचा हात बदकाच्या पायासारखा असतो, बोटाबोटांत पडदा असलेला. त्या पडद्यातल्या पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात आणि बोटं सुटी होतात. तायडे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांना या मरणाचं फार कौतुक होतं. गावाला हे कुठून ठाऊक असणार? गावाला एवढंच ठाऊक, की कॉलेजातला एक प्रोफेसर हात बघतो आणि कोणी तरी मेल्याचं सांगतो.

तहसील कचेरीतले एक कारकून बदलीचा योग विचारायला त्यांच्याकडे गेले. तायड्यांनी फटी पाहिल्या आणि म्हणाले, "लाखो मेल्या, तवा कुठं तुमी टाक धरून राह्यले." कारकून पांढरेफटक पडले. घरी जाऊन त्यांनी आपल्या घराण्यात किती बायका अकाली गेल्या याची म्हाताऱ्यांकडे चौकशी सुरू केली. महिनाभर त्यांना झोप नव्हती. बदली मात्र झाली, हवी होती तिथेच, आणि तायड्यांच्या दारात हात दाखवणाऱ्यांची रीघ लागली.

माझ्या मेहुण्याच्या लग्नात, अनसिंगला, कोणी तरी उत्साहाने त्यांना आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला उभं केलं. तायड्यांनी नवरा-नवरीचे हात वर धरले आणि मांडवाला सांगितलं, "या बोटात आज आंगठी चढली. काहून चढली? कारन मधल्या साऱ्या पेशी मेल्या! त्या मेल्या नसत्या तं आंगठी कुठं घातली असती?" नवरीची आजी पहिल्या रांगेत होती. ती मोठ्याने म्हणाली, "कोनी साखर टाका रे बाप्पा या मानसाच्या तोंडात!"

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण वाशीमला मी गेलो तेव्हा मला या माणसाची भीतीच वाटली होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. मी साताऱ्याकडचा, कॉलेजात मराठी शिकवायला आलो, आणि दीड-दोन वर्षांत अनसिंगची मुलगी करून तिथलाच झालो. तायडे आमचे शेजारी. दोन-दोन खोल्यांची बैठी चाळ होती, तिच्यात शेवटून दुसरं घर आमचं आणि शेवटचं त्यांचं. ते आसेगावचे. वडील दुसऱ्यांच्या वावरात राबायचे. तायडे शाळेत असतानाच घराने बौद्ध धर्म स्वीकारला, आणि मग हा मुलगा शिकतच गेला, शिकतच गेला, तो एम.एस्सी. होऊन थांबला. चाळिशीला टेकले होते. लग्न केलं नव्हतं. घरात एक खाट, एक बुद्धाची मूर्ती आणि उरलेल्या जागेत बरण्या. बरण्यांत बेडकांची पिल्लं. पिल्लांच्या शेपट्या रोज किती झिजल्या ते बघायचा त्यांना छंद होता. "कोनी तोडत नाही सर, कोनी खात नाही. शेपूट सोताच जाते. वेळ झाली की पेशीच म्हनते, चला!"

वर्गात ते सुरुवात छापील मराठीत करत. "प्रत्येक सजीव पेशीच्या ठायी स्वतःच्या अंताची पूर्वतयारी असते." इथपर्यंत मुलं जांभया देत. मग त्यांना चेव येई आणि भाषा आसेगावला पोचे. "अबे, मरनं लय सोपं आहे! त्याची सारी तयारी घरातच आहे पेशीच्या. मंग थे मरत काहून नाही? पाह्यलं कधी इचार करून? कारन कोनीतरी तिले सारखं सांगून राह्यलं, थांब, थांब, आताच नको. थे सांगनारं प्रथिन असते. एक दिवस त्यानं सांगनं बंद केलं, की खतम!" पोट्टे जागे होत. शेवटच्या बाकावरून एखादा विचारी, "सर, मास्तरले असते का थे प्रथिन?" तायडे न चिडता सांगत, "असते. पगार झाल्यावर वाढते."

या प्रथिनाला मराठीत नाव हवं म्हणून ते माझ्याकडे आले. मी भाषेचा माणूस. एक रविवार घालवून मी त्यांना 'मृत्युनिरोधक-संदेशवाहक प्रथिन' असा शब्द घडवून दिला. त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला, तिसऱ्यांदा म्हणताना अडखळले आणि म्हणाले, "सर, एवढं नाव घेईपर्यंत पेशी मरून जाईन ना." मग त्यांनी त्याचं नाव 'थांब' ठेवलं. कॉलेजात ते तसंच रूढ झालं. मुलांनी परीक्षेतही तसंच लिहिलं म्हणतात.

आता खरी गोष्ट. तायडे उन्हाळ्याची सुटी नागपूरच्या एका मोठ्या ग्रंथालयात पंख्याखाली बसून परदेशी नियतकालिकं वाचण्यात घालवत. एका जूनमध्ये ते परत आले ते पेटूनच. कोंबडीच्या अर्धवट वाढलेल्या गर्भातून मज्जापेशींचा कणभर पुंजका काढून काचेवर ठेवला, तर तो मरतो. पण त्याच्यावर एक विशिष्ट प्रथिन घातलं, तर तो मरत नाही. नुसता जगत नाही, तर चारी बाजूंनी तंतू सोडतो. आणि हे प्रथिन विपुल सापडतं कुठे? तर नर उंदराच्या लाळग्रंथीत!

"हे आपल्या डोयानं पाहाले पाहिजे सर," ते म्हणाले. "पुस्तकातलं थांब कुठवर शिकवाचं?"

दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर झालं: उंदरं पाहिजेत. जिवंत पाहिजेत. नर पाहिजेत. वाशीम हे धान्याच्या बाजाराचं गाव. तिथे उंदीर मागणारा माणूस आजवर झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत बातमी दाणा बाजारात गेली आणि व्यापाऱ्यांना परमानंद झाला. कोणी पिंजरे पाठवले, कोणी पोती. पोत्यांतून घुशी निघाल्या. घुशी नकोत म्हटल्यावर माणसं रागावली, एवढं मोठं जनावर दिलं आणि तुम्हाला बारकंच पाहिजे!

एका आडत्याने बिस्किटाच्या डब्यात निवडक तीन उंदीर घालून हमालाबरोबर कॉलेजात पाठवले. 'प्रोफेसर साहेबांना दे' असा निरोप होता. हमालाने सर्वांत मोठी खुर्ची शोधली आणि डबा तिच्यापुढे ठेवला. आषाढी एकादशी जवळ आली होती. प्राचार्यांना वाटलं, फराळ. त्यांनी स्वतःच्या हाताने झाकण काढलं.

आरडाओरडा ऐकून आम्ही सगळे धावलो. एक उंदीर टेबलाच्या खणात होता, एक फायलींत, आणि तिसरा प्राचार्यांच्या कोटाच्या बाहीत वरवर चालला होता.

"तायडे!" प्राचार्य खुर्चीवर उभे राहून ओरडले. "हे कॉलेज आहे की कोठार?"

तायडे मनापासून चिंतेत पडले. म्हणाले, "साहेब, हलू नका. बाहीतला नर आहे का, तेवढं पाहून घेऊ द्या."

उंदरांची सोय अशी झाली. आता प्रश्न अंड्यांचा. आठवडाभर उबवलेली अंडी पाहिजेत आणि उबवायचं यंत्र कॉलेजात नव्हतं. असतं तरी उपयोग नव्हता, कारण वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नव्हता. तायड्यांनी कॉलेजच्या मागच्या भिंतीवरून पलीकडे पाहिलं. पलीकडे जुबेदाखाला होती.

जुबेदाखाला अंडी विकायची. नवरा गेलेला, एकुलता मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला. घराला एक खोली, एक अंगण आणि अंगणात सतरा कोंबड्या, त्यांत एक तांबूस, गुबगुबीत, अतिशय रागीट कोंबडी. तिचं नाव बेगम. बेगम वर्षातून कितीदा तरी खुडूक व्हायची, म्हणजे अंडी उबवायच्या ध्यासाने टोपलीत बसायची आणि जवळ येईल त्याला टोचायची. तायड्यांना हेच हवं होतं. वीज जावो न जावो, बेगम गरमच.

खालाने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आठ दिन में उठा लेगा? बच्चा पूरा होने के पहलेच?"

"हौ खाला."

"फिर वो मर जायगा."

"हौ. पन त्याच्यातला एक कन जगवाचा आहे."

खाला बराच वेळ पानाला चुना लावत राहिली. मग म्हणाली, "ले जा. लेकिन एक बात. मेरी मुर्गी का लेकरू है. उसका क्या हुआ, मेरेकू आके बोलना. हर बार बोलना."

तायड्यांनी कबूल केलं.

त्यांना वाटलं होतं, महिन्याभरात होईल. पावसाळा गेला, हिवाळा गेला, एक पुंजका जगेना. पहिल्यांदा बुरशी आली. दुसऱ्यांदा काच तडकली. तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं तर मुंग्या लागल्या. काचा, चिमटे, फडकी निर्जंतुक करायला वाफेचं भांडं हवं होतं, म्हणून ते आमच्याकडे आले. आमच्या लग्नात मिळालेला कुकर ही चाळीतली एकुलती एक नवलाईची वस्तू होती, आणि विमल, म्हणजे माझी बायको, त्याला कोणाला हात लावू देत नसे.

"न्या भाऊ," ती नाराजीने म्हणाली. "पन उंदरं तं नाही ना शिजवून राह्यले त्यात?"

"नाही वहिनी. फक्त काचा अन् चिंध्या."

त्यानंतर आमच्या वरणाला कार्बोलिकचा वास यायला लागला. पाहुण्यांना आम्ही तो हिंगाचा म्हणून सांगत असू.

पुढची अडचण म्हणजे काचेवरचा थेंबही अंगाच्या उबेइतका गरम राहायला हवा. हेही बेगमवरच आलं. तायडे काचेच्या पट्ट्या मेणाने बंद करून साबणाच्या डबीत घालत, डबी फडक्यात गुंडाळत आणि बेगमच्या पोटाखाली अंड्यांशेजारी सरकवत. बेगम त्यांना रक्त येईपर्यंत टोचत असे. त्यांचे दोन्ही हात सदा औषध लावलेले. "चांगली आहे," ते कौतुकाने सांगत. "उब देते अन् पहाराही करते. असा शिपाई कॉलेजात एक नाही."

दर वेळी हरल्यावर ते मागच्या भिंतीपाशी जात. मला माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसत असे. भिंतीच्या अलीकडे तायडे, पलीकडे खालाचं फक्त डोकं.

"क्या हुआ रे, प्रोफेसर?"

"नाही जगलं, खाला."

खाला च्-च् करायची. कधी विचारायची, "तकलीफ हुई क्या उसकू?" तायडे प्रामाणिकपणे सांगत, की नाही, त्या अवस्थेत दुःख समजत नाही. एकदा मात्र तिने वेगळंच विचारलं. मी तेव्हा तिथेच होतो.

"क्यूं रे, तुम लोग तो बुद्धवाले. जीव नहीं मारते ना?"

एरवी पेशींच्या मरणावर तासभर बोलणारा हा माणूस भिंतीवरचा चुना नखाने खरवडत राहिला. शेवटी म्हणाले, "दर पौर्णिमेले माफी मागतो, खाला."

"और मुर्गी से?"

त्यानंतर अंडी काढायच्या आधी ते टोपलीपाशी उकिडवे बसून बेगमशी काही तरी पुटपुटतात, असं खालानेच विमलला सांगितलं. बेगम ऐकून घेते आणि मग टोचते, असंही सांगितलं.

मार्च उजाडला. परीक्षा तोंडावर आली होती. एका सकाळी मी वर्गात 'अलंकार' शिकवत असताना बाहेरून आरोळी आली, "खाला! जगलं! जगलं वो!" माझा वर्ग माझ्याआधी बाहेर पडला.

प्रयोगशाळेत कोणाला आधी दाखवायचं याबद्दल तायड्यांच्या मनात काही शंका नव्हती. काळा बुरखा घातलेली जुबेदाखाला कॉलेजच्या पटांगणातून चालत आली आणि पोट्टे दोन्ही बाजूंना सरकून उभे राहिले. सूक्ष्मदर्शकात बघायला तिला एक डोळा मिटता येईना. तायड्यांनी स्वतःचा रुमाल घडी करून तिच्या एका डोळ्यावर धरला. मग ती बघत राहिली.

"या अल्लाह," ती म्हणाली. "ये तो सेवइयां हैं!"

मीही पाहिलं. खरंच शेवया होत्या. मधोमध काळसर ठिपका आणि त्याच्यातून सगळ्या बाजूंनी निघालेले अगदी बारीक, अगदी दाट तंतू. मला सूर्य वाटला होता, पण खालाची उपमा जास्त बरोबर होती.

तायड्यांनी दुसरी पट्टी लावली. "आता हे पाहा."

"इसमें तो कुछ नई."

"याच्यात उंदराचा रस नाही टाकला. बाकी सारं तेच. तेच पानी, तेच खानं, तेच कोंबडीचं पोट. पन थांब म्हननारं कोनी नवतं. मंग काय, गेलं बिचारं."

"एकच डब्बी में थे दोनों?"

"एकाच डबीत. आजूबाजूले."

खालाने मग ती मेलेली पट्टी जगलेल्या पट्टीपेक्षा जास्त वेळ पाहिली. जाताना तिने बुरख्याखालून दोन पानं काढली, एक तायड्यांना दिलं, एक मला.

त्यानंतर प्राचार्य आले. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ "छान, छान, फारच केसाळ आहे," असं म्हणत राहिले. ते आपल्याच पापण्या बघत होते. तायड्यांनी त्यांना दुरुस्त केलं नाही.

त्या उन्हाळ्यात नागपूरला प्राणिशास्त्राच्या शिक्षकांचं संमेलन होतं. तायडे आपला प्रयोग सांगायला गेले. कॅमेरा नव्हता, म्हणून त्यांनी शाईने चित्र काढलं होतं, एकेक तंतू मोजून काढल्यासारखं. नवीन सदरा शिवला. विमलने वाटेसाठी दशम्या दिल्या. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं, की आता काही तरी होणार. काय होणार ते कोणाला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी ते परत आले आणि आमच्या पायरीवर बसले.

"काय झालं, सर?" मी विचारलं.

"ऐकलं लोकायनं. मंग एक मोठे सर उठले. म्हनाले, तायडे, हे तर परदेशात वीस वर्षांपूर्वीच करून झालं आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, ठाऊक आहे सर. पन वाशीमले झालं नवतं."

सगळं सभागृह हसलं म्हणे. तायडेही हे सांगताना हसत होते. मी आणि विमलही हसलो. मग विमलने आणलेला चहा त्यांनी बाजूला ठेवला, तो तसाच राहिला, आणि ते उठून भिंतीकडे गेले. खालाला सांगायचं होतं ना! हर बार बोलना, असं ठरलेलं होतं.

खाला काय म्हणाली ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि या खेपेला त्यांचा चेहरा बरा होता. ती म्हणाली होती, "बीस बरस पहले किसीके घर लेकरू हुआ, तो क्या अब तेरे घर का गिनेंगे नई?"

पावसाळा सुरू झाल्यावर तायड्यांनी पुन्हा प्रयोग मांडायचं ठरवलं. एकदा झालं ते योगायोगाने झालं असेल, परत परत व्हायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बेगम खुडूक झाली, खालाने तिच्याखाली अंडी ठेवली. आणि दोन-तीन दिवसांतच, काही न कळवता, खालाचा मुलगा भिवंडीहून येऊन दारात उभा राहिला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, घरात मोठं माणूस कोणी नव्हतं. अम्मीला घेऊन जायला आला होता. कायमचं.

खाला हरखून गेली. आजी होणार होती! दोन दिवसांत तिने कोंबड्या वाटल्या, खाट विकली, खोलीला कुलूप लावलं. बेगमला मात्र विकलं नाही. ती टोपलीतच, अंड्यांवर बसलेली, वर जुनी ओढणी टाकून तिने तायड्यांच्या हातात दिली.

आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. छोट्या गाडीचं छोटं स्टेशन. मुलगा सामान चढवण्यात गुंतला होता. खाला खिडकीशी बसली आणि टोपलीकडे बघत म्हणाली, "इसकू डांटना मत. पानी सुबू-शाम देना. और अंडे..." ती थांबली. "तेरेकू जैसा ठीक लगे."

तायडे म्हणाले, "खाला, गाडीत धूर येते, खिडकी लावून घ्या." मग गाडी सुटली. परत येताना सगळ्या रस्त्याने टोपली त्यांनी छातीशी धरली होती, आणि ओढणीखालून बेगम त्यांच्या अंगठ्यावर टोचा मारत होती.

टोपली त्यांच्या खोलीत खाटेशेजारी आली. आठवडा भरायला आला, तशी मला टेबलावर धुतलेल्या काचा, चिमटे, साबणाची डबी, सगळं मांडलेलं दिसलं. विमलने न मागताच कुकर नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा परत आला.

"काय सर, नाही मांडायचा?" मी विचारलं.

"या वेळी राहू द्या," ते म्हणाले, आणि पावसाबद्दल काही तरी बोलायला लागले.

पुढचे दोन आठवडे त्यांनी बेडकांच्या बरण्यांकडे पाहिलं नाही. कॉलेज सुटलं की थेट घरी. टोपलीशेजारी बसून चाचणीचे पेपर तपासायचे. पोट्ट्यांना त्या चाचणीत भरघोस मार्क मिळाले.

एका सकाळी दारावर धडाधड थापा पडल्या. तायडे, लुंगी-बनियनवर, चष्मा वाकडा.

"वहिनी! निघाले!"

आम्ही धावलो. बेगम फुगून बसली होती आणि तिच्या पंखाखालून ओलसर, पिवळी, डुगडुगती डोकी बाहेर येत होती. एक अंडं अजून फुटत होतं, आतून चोच दिसत होती. तायडे गुडघ्यांवर बसले होते. बेगमने त्यांना टोचलं नाही, तिला वेळ नव्हता.

"खालाले सांगा लागते," ते एकदम उठून म्हणाले, आणि निघालेच. पायात चप्पल नाही. मी दारातून बघत होतो. कॉलेजच्या दिशेने भराभर चालत ते कोपऱ्यावरच्या नळापर्यंत गेले. नळावरच्या बायांना वाटलं, यांना पाणी हवं आहे, त्या बाजूला झाल्या. तायडे तिथेच उभे राहिले. जरा वेळाने परत आले.

"सर, भिवंडी तं माहीत आहे," ते म्हणाले. "पन भिवंडीत कुठं? थे इचारलंच नाही मी. स्टेशनवर होतो, गाडी उभी होती, अन् मी खिडकी लावाले सांगून राह्यलो." ते हसले. चष्मा काढून बनियनला पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. "इतके वेळा गेलो तिच्याकडे, नाही जगलं, नाही जगलं सांगाले. हे एक सांगाले पाहिजे होतं."

मी मराठीचा प्राध्यापक. मी त्यांच्या चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

विमल नुकतंच दूध शेगडीवर ठेवून आली होती. तिने पदर खोचला आणि त्यांच्याच उंबऱ्यावर बैठक मारली. "मले सांगा ना भाऊ," ती म्हणाली. "पयल्यापासून सांगा. कोनतं आधी निघालं?"

तायड्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते समोर जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी हवेत अंडं धरलं. "पयले तं वहिनी, उलशी टिचकी ऐकू आली. इतकी बारकी, का मले वाटलं पालच चुकचुकली..."

आमच्या घरातून करपल्याचा वास यायला लागला. दूध उतू गेलं होतं. मी उठायला लागलो, तर विमलने मागे न बघता मला हाताने खाली बसवलं, आणि तायड्यांना म्हणाली, "मंग?"